मोहाचं तेल आणि पुढची सीट

सुगी आली की माझं डोकं फिरतं. आज सकाळपासून शेजारच्या खळ्यावर धपाधप झोडणी चाललीय, तूस उडून थेट आमच्या अंगणात येतंय, आणि मी ओट्यावर बसून शिंकतेय. शिंकतेय आणि चिडतेय. दोन्ही एकाच वेळी करता येतं, सवयीचा भाग आहे.

लोकांना सुगी आवडते म्हणे. मागे आमच्या शाळेवर शहरातून काही मंडळी आली होती, वह्या वाटायला. त्यातल्या एक बाई खळ्याकडे बघून म्हणाल्या, "किती सोनेरी दिवस असतात ना हे!" सोनेरी काय, कपाळ! भाताचं एक कुसळ ब्लाउजच्या पाठीत शिरू दे, मग विचारेन बाईंना, सोनं नेमकं कुठे टोचतंय म्हणून. नागलीची, म्हणजे नाचणीची, धूळ तर त्याहून वाईट. ती दिसत नाही, नुसती चावते. पापण्यांवर बसते, वाळत घातलेल्या पातळावर बसते, झाकलेल्या पिठात बसते. दाराच्या बिजागरीत, कुलपाच्या भोकात बसते. जिथे लोखंडावरून लोखंड सरकतं तिथे तर हटकून बसते. हे शेवटचं ज्ञान मला तीन वर्षांपूर्वीच्या सुगीत झालं. त्या सुगीवर माझा अजून राग आहे, आणि तो जावा अशी माझी काही इच्छाही नाही.

त्या वर्षी पावसाच्या तोंडाला बाबा गेले. बाबा जव्हारला एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. डॉक्टर म्हातारे झाले, मुलाकडे नाशिकला राहायला निघाले, तेव्हा त्यांनी दवाखान्यातलं काचेचं कपाट कंपाउंडरला दिलं आणि गाडी बाबांना. तेव्हापासून ती पोशेऱ्याला आमच्या अंगणात. दुधावरच्या सायीसारखा पिवळट रंग, गोल दिवे, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत. पुढची सीट म्हणजे अख्खं बाकडंच. ड्रायव्हर आणि शेजारचा एकाच बाकावर, एक पुढे तर दोघं पुढे. आता असल्या गाड्या रस्त्यात दिसल्या की लोक थांबून फोटो काढतात. आम्ही तिच्यात काय नाही घातलं! नागलीची पोती घातली, पोट दुखणाऱ्या बाया घातल्या, एकदा पाय मोडलेली शेळी घातली. ती शेळी वाटेत मागच्या सीटचं कापड खाऊन गेली. बाबा तेव्हा शेळीवर रागावले नाहीत, माझ्यावर रागावले, कारण शेळीजवळ मी बसले होते. मागे. मी कायम मागेच बसायचे.

पुढे बाबांशेजारी दादा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, काशिनाथ. तो बाबांवर गेला, ताडमाड उंच. मी आईवर गेले. आमची आई चुलीपुढे उभी राहिली काय आणि बसली काय, फरक कळत नाही. दादा कामासाठी ठाण्याला गेला तो तिथलाच झाला. मी डी.एड. केलं, प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले, आणि मधल्या एका लग्नाची तीन वर्षं वजा केली तर आईबाबांजवळच राहिले. बाबांची आजारपणं मी काढली. दादा दिवाळीला यायचा, गाडी चालू करून अंगणात दोन फेऱ्या मारायचा, बॉनेटवर थाप टाकून म्हणायचा, "एकदम झकास ठेवलीय बाबांनी." धूळ रोज मी पुसायची. श्रेय बाबांना.

बाबा गेले आणि पाठोपाठ माझी बदली झाली, वावर गावाच्याही पुढे एका पाड्यावर. वावर म्हटलं की शहरातल्या माणसांच्या तोंडून एकच शब्द येतो, कुपोषण, आणि मग ते मान हलवतात. माझ्या तोंडून दुसरा शब्द यायचा, जीप. मोखाड्याहून जव्हारची जीप भरेपर्यंत हलत नाही, जव्हारहून पुढची मिळाली तर मिळाली, आणि शेवटची टांग दोन पायांची. सकाळी काळोखात निघून मी शाळेत पोचायचे तोवर पोरं कंटाळून चिंचेवर चढलेली असायची. शिक्षण खात्यातल्या साहेबांचं म्हणणं, तिथेच खोली घेऊन राहा. आणि आईला काय पोत्यात घालून नेऊ? तिला घर सोडायचं नव्हतं, मला तिला सोडायचं नव्हतं. म्हणजे एक तर नोकरी, नाहीतर आई. आणि या सगळ्यावरचा इलाज आमच्याच अंगणात ताडपत्रीखाली उभा होता. त्याच्या आत कोंबडी अंडी घालत होती.

लायसन्स माझ्याकडे होतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत जव्हारला क्लास लावून मी ते काढलं होतं, बाबांना न सांगता. पण या गाडीत माझे पाय पोचत नव्हते. चार बोटं कमी पडत होते. सीट अगदी मागे जाऊन बसली होती, बाबांच्या पायांच्या मापानं, आणि तीस वर्षांत जागची हलली नव्हती.

त्या सुगीच्या सुरुवातीला दादा आला. हातात मिठाईचा डबा होता. तो डबा आणतो तेव्हा मी सावध होते.

"मंगल, गाडीला गिऱ्हाईक लागलंय," तो म्हणाला. "मुंबईचा माणूस हाय, जुन्या गाड्यांचा शौकीन. जव्हारला येतो अधूनमधून. सुगी उरकली की मी येऊन घेऊन जातो."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? थोरला कोण हाय?"

"मला शाळेला जायला लागते गाडी."

तो हसला. नुसता नाही, मिठाई तोंडात ठेवून हसला. "तुझे पाय तरी पोचतात का? बाकावर उभी राहून चालवशील?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. शाळेत मी पोरांना 'नाय' म्हटलं की 'नाही' म्हणायला लावते. त्या दिवशी मीच ओरडले, "नाय द्यायची म्हणजे नाय द्यायची!" आई ओट्यावर सुपात भात पाखडत होती, तिनं मान वर केली आणि परत खाली घातली.

शेवटी दादाच म्हणाला, आईदेखत म्हणाला, "बरं, चल. सुगी संपेपर्यंत तुला मुदत. सीटवर बसून गाडी चालवून दाखव, गाडी तुझी. नाय जमलं तर तोंड मिटायचं." वाटेला लागण्याआधी त्यानं मागच्या सीटवरची कोंबडी हाकलली, अंडं उचललं आणि आईला दिलं, जणू ते त्यानंच घातलं होतं.

मी मोखाड्याला बाजाराच्या दिवशी गॅरेजवाल्याकडे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पाठीला उशी लावा ना."

"सीट पुढे घ्यायची आहे."

"ती नाही सरकत. चॅनेल जाम झालेत. असल्या गाडीत कोण हात घालणार? उशी लावा. दोन लावा."

त्याच्याशेजारी चहा पीत बसलेला जीपवालाही म्हणाला, उशी लावा. आमच्या शाळा-केंद्रातले एक गुरुजी भेटले, उंटावरचे शहाणे, तेही म्हणाले, उशी. मला एक कळत नाही. गाडीत सीट पुढेमागे व्हावी म्हणून कारखान्यात कुणीतरी बसून दोन पट्ट्या घडवल्या, खाली छर्रे बसवले, खटका लावला. एवढं सगळं केलंय ते कुणासाठी? पण बाई आखूड पडली की दुरुस्त बाईला करायचं, सीटला नाही. बाईच्या पाठीला उशी बांधायची. मी त्या सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत बाजारातून तेरा नंबरचा पाना घेतला, तारेचा ब्रश घेतला, काचकागद घेतला, पंपावरून बाटलीत डिझेल घेतलं आणि घरी आले.

शाळेतून आल्यावर उजेड असेतो रोज तासभर. सीट चार बोल्टांवर बसवलेली होती. दोन सुटले. दोन हलेनात. मी त्यांच्यावर डिझेल सोडलं आणि दोन दिवस वाट पाहिली. या दोन दिवसांत खळ्यावरची झोडणी आमच्याच अंगणात आली. मजूर भाताचे भारे फळीवर आपटत होते, आणि मी त्यांच्यापासून दोन हातांवर, खाली गोणपाट टाकून, गाडीच्या दारातून अर्धी आत, अर्धी बाहेर अशी पालथी पडले होते. तूस माझ्या पाठीवर. झोडणाऱ्या बाया माझ्याकडे बघून हसत होत्या. "बाई, गाडीच्या पोटातून काय काढताव?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "भूत." त्या दिवसांचा वास माझ्या नाकात अजून आहे. नव्या भाताचा गोड, धुळकट वास आणि त्यात डिझेल. नव्या तांदळाचा भात समोर आला की आजही मला आधी डिझेल आठवतं. घास गिळायला वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी बोल्ट सुटले. आईनं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही सीट बाहेर काढून खळ्याच्या कडेला ठेवली. खाली तीस वर्षांचा केर. उंदरानं पेंढ्याचं घर केलेलं. विडीची थोटकं. बाबांची चुन्याची डबी, झाकण गंजून घट्ट बसलेली. नागली तर किती! पोती वाहून नेताना सांडलेली, पावसाळ्यात ओल धरून, गंजात कालवून, दोन्ही पट्ट्यांत तिचा नुसता चिकटा झाला होता. विळ्याच्या टोकानं मी तो खरवडत गेले. डिझेलचा बोळा फिरवायचा, ब्रश मारायचा, पुन्हा खरवडायचं. डाव्या पट्टीतून हळूहळू लोखंड दिसायला लागलं. छर्रे मोकळे झाले, बोट लावलं की गरगर फिरायला लागले. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून दाखवले.

उजवी पट्टी मात्र अडली. खरवडलं, तरी मध्ये काहीतरी आडवं. बॅटरी मारून पाहिलं. खिळा होता. चांगला बोटभर, पट्टीच्या भोकातून आरपार घातलेला आणि खालून ठोकून वाकवलेला. गंज नव्हे, नागली नव्हे. कुणीतरी बसून, नेम धरून, ती सीट पुढे येऊ नये म्हणून खिळा ठोकला होता.

 मग मला आठवलं.

चौदा वर्षांची होते. दिवाळीची सुट्टी, भात कापून शेतात पडलेलं. बाबा जेवून आडवे झाले होते. मी गुपचूप दार उघडून पुढे बसले, सीटखालचा खटका वर ओढला, आणि ते अख्खं बाकडं माझ्यासकट सर्रकन पुढे आलं. तेव्हा ते सरकत होतं! मी पाय लावले. दांडा हलवला. गाडी उताराला उभी होती, ती निघाली. हळूच, बैल निघावा तशी. अंगणातून खाली गेली आणि पेंढ्याच्या उडवीत तोंड खुपसून थांबली. सगळा पाडा जमा झाला. मला वाटलं आता आपली सालटी निघणार. पण बाबा हसले. पोट धरून हसले. "ड्रायव्हरीण झाली आमची बाय," असं म्हणाले. त्या हसण्यावर मी कितीतरी वर्षं काढली. पुढच्या दिवाळीला मी परत खटका ओढून बघितला तर सीट हलेना. बाबा म्हणाले, "गंजली गं ती." मी मानलं. बाबा म्हणाले म्हणजे गंजली.

गेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं म्हणतात. का येत नाही? चांगलं येतं. उलट बरं असतं, समोरून उत्तर येत नाही. मी त्या गाडीच्या पोटात पालथी पडून बाबांना नको नको ते बोलले. माझ्यासमोर हसला, आणि माझ्या पाठीमागे खिळा ठोकला! मारलं असतं तर बरं होतं. मार विसरता येतो.

मी खिळा पक्कडीनं उपटला आणि आईपुढे नेऊन ठेवला. सुपात. भातावर.

आईनं तो बघितला, उचलून बाजूला ठेवला, आणि पाखडत राहिली. "मीच सांगलं त्यांना," ती म्हणाली.

"काय?"

"ठोका म्हणून. ते नाय म्हणत होते. चार दिस भांडले माझ्याशी. तू मोठी व्हाया लागली होतीस. पाड्यावर बोलाया लागले, पोरगी गाडी पळवतं म्हणून. उद्या लगीन कोण करल तुझ्याशी?" तिनं सुपाला एक झटका दिला. "मग ठोकला त्यांनी. माझ्यामुळं."

लग्न. हे बघा, ज्या लग्नासाठी खिळा ठोकला ते लग्न तीन वर्षं टिकलं. त्या घरी सासऱ्याची मोटारसायकल होती, तिलाही हात लावू द्यायचे नाहीत. मी आईला हे सगळं म्हणू शकले असते. म्हणाले नाही. मी तिच्याशी बोलणंच बंद केलं. दोन दिवस. एका घरात, एका चुलीवर, दोन बाया, आणि बोलणं फक्त कोंबड्यांशी. कोंबड्यांना त्या दोन दिवसांत बरंच ऐकून घ्यावं लागलं.

दुसऱ्या संध्याकाळी मी पट्ट्या काचकागदानं घासून लखलखीत केल्या. आता वंगण घालायचं होतं. ग्रीस आणायला मोखाड्याला जावं लागणार, म्हणजे त्या उशीवाल्याचं तोंड बघावं लागणार. मी पायरीवर हात पुसत बसले होते. आई आतून आली, काही न बोलता माझ्याशेजारी कोकराच्या डोक्याएवढा गडू ठेवला आणि निघून गेली. मोहाचं तेल होतं. मोहाच्या बिया गोळा करून, वाळवून, आम्ही दर वर्षी घाण्यावरून तेल काढून आणतो. आमच्याकडे ते भाजीला, अंगाला, दाराच्या बिजागरीला, सगळ्याला चालतं. ती गप्प राहून माफी मागत होती, हे न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. पण मी माफ केलं नव्हतं, तेल मात्र घेतलं. रागात माणूस मोजून काही घालत नाही. अख्खा गडू मी त्या दोन पट्ट्यांत ओतला, खटक्यात ओतला, छर्ऱ्यांत ओतला, तेल खाली पत्र्यावर सांडलं तरी ओतत राहिले.

सीट परत बसवायला दोन माणसं लागतात. मी एक टोक उचलून उभी राहिले. आई आली, तिनं दुसरं धरलं. आम्ही ती आत घातली. खटका ओढला. बाकडं माझ्या मांडीखालून असं निसटून पुढे आलं की छातीला स्टिअरिंग लागलं. मी परत मागे नेलं, परत पुढे आणलं. मागे, पुढे, मागे, पुढे. मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं, आईसमोर. तिनं पदरानं माझ्या गालाचं काळं पुसायला हात पुढे केला. मी तो बाजूला केला. मग परत धरला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, उन्हं चांगली तापल्यावर, मी गाडी बाहेर काढली. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. ओढ्यापर्यंत नेली, वळवली, परत आणली. मळणीवरचे सगळे लोक कामं टाकून बघत होते. मी हॉर्न वाजवला, गरज नसताना. मळणीचा तो शेवटचा दिवस होता. मी दादाला फोन केला. "चालवली," म्हटलं आणि ठेवून दिला.

सोमवारी सकाळी तो पहिल्या जीपनं हजर. मोखाड्याची थंडी, अंगण दवानं ओलं. मला वाटलं होतं तो हरल्यासारखा येईल. तो चहा प्यायला आणि खुंटीवरची चावी घेतली.

"ठरलं होतं आपलं," मी म्हटलं.

"ओढ्यापर्यंत तर शेळी पण जाते. ह्याला काय चालवणं म्हणतात? अन् गमतीत बोललो होतो मी, तू लगेच खरं धरून बसलीस. तो माणूस जव्हारला आलाय, थांबलाय लॉजवर. दहाला निघणार."

गमतीत! आईसमोर दिलेला शब्द, आणि गमतीत. मी काही बोलायच्या आत तो गाडीपाशी गेला, दार उघडलं आणि एक पाय आत टाकला. दुसरा जाईना. सीट माझ्या मापानं पुढे होती. त्यानं खाली हात घालून खटका ओढला. खटका हलेना. त्यानं मागे रेटा दिला, बाहेर येऊन ढकलली, दारात पाय रोवून ओढली, हिंदीत शिव्या दिल्या. सीट तसूभर सरकली नाही.

"काय केलंस हिला?"

"तेल घातलं."

"कसलं तेल?"

"मोहाचं."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं येडे, थंडीत थिजतं ना ते!"

खरं होतं. मोहाचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हिवाळ्यात गडू चुलीपुढे ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही. आणि मी, पोरांना विज्ञान शिकवणारी बाई, अख्खा गडू ओतून बसले होते. मी वाकून पाहिलं. पट्टीत पांढरट थर, तुसासकट घट्ट बसलेला. एवढं घासलं, एवढं खरवडलं, सगळं पाण्यात. लाजेनं माझे कान तापले. आणि मग, जरा उशिरानं, माझ्या लक्षात आलं की सीट अडकलीय खरी, पण माझ्या जागी अडकलीय.

"ऊन आल्याबिगर नाय सुटायचं ते," आई ओट्यावरून म्हणाली. तिचा चेहरा सरळ होता. दर हिवाळ्यात तो गडू चुलीपुढे तीच ठेवते. मी तिला कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

दादानं घड्याळ पाहिलं. "चल, तूच ने. जव्हारपर्यंत. तिथं त्याच्या ताब्यात देऊ."

"चल," मी म्हटलं.

"मागे बस की," असंही म्हटलं. पण दादाला मागे बसणं कमीपणाचं. तो शेजारी बसला. बाकडं एकच, तेव्हा त्याचंही पुढे. गुडघे डॅशबोर्डला टेकून हनुवटीपाशी आले. असा घडी करून बसवलेला माझा भाऊ अख्खा घाट मला शिकवत होता. "क्लच! ब्रेक मार! हॉर्न दे! बाजूनं घे!" वळणावर धुकं होतं, समोरून एस.टी. आली. मी भ्याले होते, खोटं कशाला बोलू? पण जसजशी वळणं मागे पडली तसतसा त्याचा आवाज मला दूरचा वाटायला लागला. मी फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर कधी यायचं ते इंजिनच सांगतं, माणसानं सांगावं लागत नाही.

जव्हार आलं. लॉजच्या दारात एक गोरटेला माणूस जाकीट घालून उभा होता. गाडी बघून त्याचे डोळे चमकले, त्यानं हात वर केला.

"थांब, थांब, हाच तो," दादा म्हणाला.

मी थांबले नाही.

"मंगल! थांब म्हणतो ना!"

बाजार गेला, स्टँड गेला. दादा स्टिअरिंगला हात घालायला वळला, पण गुडघे अडकल्यानं त्याला वळता येईना. गावाबाहेर वावरकडे रस्ता फुटतो तिथे झाडाखाली मी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"उतर," म्हटलं. "मला शाळा आहे."

तो लालबुंद झाला होता. "बाबा असते ना, तर तुझी ही हिंमत झाली नसती."

"नसतीच झाली," मी म्हटलं. "बाबा असते तर मी अजून मागे शेळीजवळ बसले असते."

त्यानं दार उघडलं. मग उतरला. एक पाय सोडवला, मग दुसरा, आणि दार असं आपटलं की काच थरथरली. जाताना म्हणाला, "आजपासून मला भाऊ म्हणू नको." मी गियर टाकला. आरशात तो दिसत होता, रस्त्याच्या मधोमध, एवढा उंच माणूस, हात लोंबते सोडून उभा. जव्हारला परत जायला त्याला दोनेक किलोमीटर चालावं लागणार होतं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण गाडी मागे घेण्याइतकं नाही.